एचएमटी जनता सेकंदासकट कसं लावायचं?

कराडकर
बाबांचं जनता घड्याळ गेल्या महिन्यात साफ करून आणलं. चावीचं, १७ ज्वेलचं (आत १७ खडे बसवलेलं). मिनिटं बरोबर लावते, पण चावी ओढली तरी सेकंदकाटा आपला फिरतच राहतो. बाबा सकाळी रेडिओच्या बातम्यांआधी टुक-टुक ऐकून वेळ लावायचे. सेकंद कसा जुळवत असतील?

जुनी_चावी
ताई, घड्याळ बिघडलेलं नाही. जनतात सेकंद थांबवणारी पट्टीच नसते. मी चौदाव्या वर्षापासून वडिलांच्या दुकानात ही घड्याळं उघडतोय, आमची रीत सांगतो. एक दिवस चावी देऊ नका, पूर्ण बंद पडू द्या. समजा, सेकंदकाटा ३७ वर थांबला. मग मिनिटकाटा चार-पाच मिनिटं पुढच्या वेळेला लावा, पण रेघेवर नाही. त्या रेघेपासून पुढच्या रेघेच्या अर्ध्याहून किंचित पलीकडे, कारण ३७ सेकंद म्हणजे तेवढंच. चावी आत दाबा. दाबताना काटा जरासा सरकतो, तेव्हा पुन्हा बघून घ्या. आता मोबाईलवर ते मिनिट आणि ३७ वा सेकंद आला की चावी फिरवा. दोन-तीन पिळांत चालू होतं. नाही झालं तर मनगटाने हलका झटका द्या. एखाद्या सेकंदाचा फरक राहील. उरलेली चावी नंतर भरा.

पुणेरी_टिकटिक
एवढं कशाला? चावी ओढून हलकेच उलटी फिरवली की सेकंदकाटा थांबतो.

जुनी_चावी
थांबतो, खरंय. पण तसं करताना चालत्या चक्रांवर उलटा जोर येतो. जुन्या घड्याळावर मी ते करत नाही, गिऱ्हाइकालाही सांगत नाही.

रेडिओवाला
ताई, टुक-टुक ऐकायची तर साध्या रेडिओवर ऐका. ॲपवर आवाज काही सेकंद उशिरा पोचतो. नाहीतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरची वेळ घ्या, भारतीय प्रमाणवेळ तेच राखतात.

कराडकर
जमलं! पहिल्यांदा चार सेकंद चुकले, दुसऱ्यांदा एकच. पण आज चौथ्या सकाळी ५० सेकंद पुढे आहे. मागचं झाकण उघडून घेऊ का?

जुनी_चावी
अजिबात नको. तीन दिवसांत ५० म्हणजे रोजचे साधारण १७ सेकंद. जनता सेकंदाला ५ ठोके देतं, दिवसाचे ४ लाख ३२ हजार. त्यातले ८५ जास्त पडतायत. साठ वर्षांपूर्वीच्या घडणीचं यंत्र एवढं सांभाळतंय, हे मला फार मोठं वाटतं. रोज ठरावीक वेळी पूर्ण चावी द्या. रात्री आठवडाभर डायल वर करून ठेवा, पुढच्या आठवड्यात चावीच्या बाजूवर उभं. दोन्ही आठवड्यांत रोज किती सेकंद पुढे-मागे गेलं ते इथे लिहा, मग ठरवू.