नवीन कॉमिकच्या एका अंकावर लिहायचं तर नेमकं काय लिहायचं? बॅटमॅन, भूत आणि खून एकाच तराजूत?

फोंड्याचा झेरॉक्सवाला:
नमस्कार मंडळी. आम्ही चार-पाच जण दर महिन्याला एक दोन पानी पत्रक काढतो, झेरॉक्स मारतो आणि ओळखीच्यांत वाटतो, त्यात ‘नवीन कॉमिक्स’ हा कोपरा माझ्या गळ्यात पडलाय. पहिल्या खेपेला तीन घेतले, सुपरहिरोत ॲब्सोल्यूट बॅटमॅन या नव्याने मांडलेल्या बॅटमॅन मालिकेचा पहिला अंक (२०२४ चा, मला उशिरा मिळाला म्हणून माझ्यासाठी नवीनच), एक हॉरर, एक क्राईम. रात्री जागून लिहिलं, सकाळी ताईला दाखवलं तर तिने चहा पिता पिता वाचलं आणि म्हणाली, ‘गोष्ट कळली रे, पण यात कॉमिक कुठंय?’

तेव्हापासून अडलोय. एक अंक म्हणजे वीस-बावीस पानं, तीस-चाळीसही धरा, गोष्ट तर अर्धवटच असते, मग चांगला की वाईट कशावरून ठरवायचं? आणि तिन्हींना एकच पट्टी लावायची का? पाचपैकी तारे द्यावेत का? हॉररला मी दोन दिलेत कारण भीतीच वाटली नाही. वाचतो मोबाईलवरच, कागदाचा अंक एकदाच मागवला होता, जूनमध्ये, कुरियरवाला पागोळ्यांखाली टाकून गेला आणि अंक पापडासारखा फुगला.

कुळागरातलं वटवाघूळ:
तुझी ताई बरोबर बोलली. मी बॅटमॅनपुरतं सांगतो. सुपरहिरोच्या अंकात गोष्ट काय हा प्रश्न नंतरचा, आधी हे बघ की १९३९ पासून चाललेल्या माणसात या अंकाने काय हलवलं आणि ते चित्रातून हलवलं की नुसतं बोलून दाखवलं. इथे ब्रूस वेनकडे पैसाच नाही, शहराचा इंजिनियर आहे, आई जिवंत आहे, वडील शिक्षक होते. ऑस्वाल्ड, हार्वी, एडवर्ड, वेलन ही जी मंडळी एरवी त्याचे हाडवैरी असतात ती इथे लहानपणचे दोस्त, एका टेबलावर पत्ते खेळणारे. हे सगळं तू नक्की लिहिलं असशील, कारण हे सांगायला सोपं असतं.

पण चित्रकार निक ड्रगोट्टाने त्या माणसाला काढलाय कसा? दारातून आत येईल की नाही असा आडदांड. पैसे नाहीत, गाड्या नाहीत, तर मग धाक कशाचा, तर अंगाचा. लेखक स्कॉट स्नायडरने जे लिहिलंय ते या देहाने अर्धं सांगून टाकलंय. चौकटी बघ, बारीक बारीक दाटीवाटीने भरतो आणि मधेच अख्खं पान मोकळं सोडतो, तिथे डोळा थांबतोच. आणि सगळं सांगतोय कोण तर आल्फ्रेड, तोही इथे घरचा नोकर नाही, बाहेरून पाळत ठेवणारा हेर. एवढं पकडलंस तरी तुझा परिच्छेद झाला.

आणि बाबा, रंग कोणी भरले आणि संवादाच्या फुग्यांतली अक्षरं कोणी काढली ते लिहीत जा. लेखक आणि चित्रकार सगळेच लिहितात.

रातची फेरीबोट:
हॉररला दोन तारे दिलेस यावर माझा आक्षेप. मोबाईलवर वाचलास ना? एकेक चौकट मोठी होऊन सरकते तसं? मग भीती कशी वाटणार.

कागदाच्या अंकात उजवं पान संपतं तिथे चित्रकार मुद्दाम काहीतरी अर्धं सोडतो, एक बंद दार, पोराची वळलेली मान, असलं काहीतरी, आणि तू पान उलटतोस, ते तुझ्या हाताने उलटतोस, आणि डाव्या पानावर ते असतं. हाताला माहीत असतं की उलटायचं नाहीये तरी उलटतोस. ही सगळी गंमत मोबाईल खाऊन टाकतो, तिथे प्रत्येक चौकट सारखीच, अंगठा सरकवला की पुढची. निदान फोन आडवा धर आणि दोन पानं शेजारी शेजारी लावून वाच, किंवा कोणाचा तरी टॅब माग. तारे मग दे.

समथिंग इज किलिंग द चिल्ड्रन या हॉरर मालिकेचा पहिला अंक (२०१९) माझ्याकडे कागदावर आहे, सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवलाय, पावसात दुसरा इलाज नाही. पोरं रात्री बसून ट्रूथ ऑर डेअर खेळतायत, एकजण राक्षसाची गोष्ट सांगतो. एवढंच. या मालिकेत राक्षस मुलांना दिसतात, मोठ्यांना दिसत नाहीत. म्हणजे बघ, वाचणारा मोठा माणूस आणि त्यालाही दिसतोय, मग मी कोण? हे मला दुसऱ्यांदा वाचताना सुचलं, रिबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघत, आणि खरं सांगतो, फेरी आली तरी उठलो नाही.

हॉररवर लिहिताना फक्त एक पाळ, ते डावं पान फोडू नको. उजव्यापर्यंत सांग आणि गप्प बस.

म्हापशाचो पात्रांव:
ताऱ्यांचं वर एकजण बोललाच नाही, दुसरा म्हणतो नंतर दे, मी म्हणतो दे. ॲब्सोल्यूट बॅटमॅनच्या अंकावर किंमत ४.९९ डॉलर छापलीय, म्हणजे चारशेच्या वर रुपये, तेवढ्यात इथे दोघांची फिश थाळी होते. वाचणाऱ्याला कळायला नको का घ्यायचा की सोडायचा? फक्त तारे अंकाला दे, मालिकेला नको. पुढे काय होईल त्याचे मार्क आज देऊ नको.

क्राईमचं आता. क्राईमच्या अंकात लोक मारामारी करत नाहीत, बसून बोलतात. बार, गाडी, किचन. म्हणून कंटाळा येणं शक्य आहे आणि म्हणूनच तिथे चित्रकाराची खरी परीक्षा. लेखक एड ब्रूबेकर आणि चित्रकार शॉन फिलिप्स यांची क्रिमिनल ही मालिका २००६ ला सुरू झाली, कुठलंही पान घे, साध्या आडव्या पट्ट्यांत चौकटी, काही दिखाऊपणा नाही, पण कोण कोणाकडे बघत नाही तेवढं बघ. ज्याने पैसे मारलेत तो ग्लासाकडे बघतो. तुझ्या परीक्षणात ‘संवाद छान आहेत’ असं एक वाक्य नक्की असेल, ते काढ आणि ग्लास घाल.

याच जोडीच्या पुढच्या कामाला रंग शॉनचा मुलगा जेकब देतो. बाप शाईत काढतो, पोरगा वर गुलाबी-निळा ओततो, रेघेच्या बाहेर गेला तरी पर्वा नाही. रात्रीचा रंग काळाच पाहिजे असं नाही हे मला त्यांनी शिकवलं.

अजून एक, क्रिमिनलच्या सुट्या अंकात मागे जुन्या सिनेमांवर लेख असायचे, ते एकत्रित पुस्तकात घेतलेच नाहीत. म्हणजे सुट्या अंकावर लिहिताना मागची पानंही अंकच. आणि आता हे दोघे बरेचदा अंक न काढता थेट पुस्तकच काढतात, त्यामुळे क्राईममध्ये लिहायला सुटा अंक मिळाला तर नशीब समज.

इंद्रजालवाले काका:
पोरांनो मजा आली वाचून. माझा काळ वेगळा, इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९०, मराठीत महाबली वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. आमच्या घरी आजी विचारायची, ‘वेताळ घोड्यावर कधी बसला रे?’ कारण तिचा वेताळ म्हणजे गोव्यातल्या आमोण्याच्या देवळातला देव, हातात तलवार घेऊन रात्री वेस राखणारा. मी सांगायचो हा वेगळा, हा गोरा आहे आणि जांभळे घट्ट कपडे घालतो. आजी म्हणायची देव कुठलेही कपडे घालेल. परीक्षण म्हणून याहून चांगलं मी तरी ऐकलेलं नाही.

झेरॉक्सवाल्या, तू हॉरर आणि क्राईम शेजारी ठेवलेस ते योग्यच केलंस, दोघं एकाच दिवशी मार खाल्लेले भाऊ आहेत. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे पोरं बिघडतात का हे तपासणाऱ्या सिनेटच्या समितीपुढे प्रकाशक बिल गेन्स स्वतःहून गेला, त्याच्यासमोर त्याच्याच अंकाचं मुखपृष्ठ ठेवलं, एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्यात बाईचं तुटलेलं मुंडकं, आणि विचारलं हे सुरुचीत बसतं का. तो म्हणाला बसतं, हॉरर कॉमिकच्या मुखपृष्ठासाठी. त्याच वर्षी कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवरच घालून घेतलेली नियमावली, आला, नावात हॉरर किंवा टेरर शब्द नको, आणि क्राईम शब्द मुखपृष्ठावर एकटा नको, बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठाही नको! सुपरहिरोंनाही कोड होताच, पण ते त्यात तरले. शेवटच्या प्रकाशकांनी तो कोड सोडला २०११ ला. गेन्सच्या ईसी कॉमिक्सचं नाव २०२४ मध्ये ओनी प्रेसने परत काढलंय, एपिटाफ्स फ्रॉम द अबिस वगैरे. त्यात एका अंकात दोन-तीन पूर्ण गोष्टी असतात, तुझं ‘अर्धवट गोष्टीला मार्क कसे देऊ’ तिथे मिटतं. तिथून सुरुवात कर की.

फोंड्याचा झेरॉक्सवाला:
सगळ्यांना देव बरें करूं. हॉररचे दोन तारे मागे घेतले, मावसभावाचा टॅब आणलाय, त्याला गणेश चवथीला नेवऱ्या (करंज्या) द्यायच्या बोलीवर. क्राईममधून ‘संवाद छान’ खरंच निघालं, दोनदा होतं. बॅटमॅनचं नव्याने लिहिलंय, बघा:

‘ब्रूस छातीवरचं वटवाघूळ उपटून काढतो आणि ते कुऱ्हाडीचं पातं निघतं. इतकी वर्षं ते चिन्ह म्हणजे बिल्ला होता. इथे ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्या अंगावर शोभेची एक वस्तू नाही, सगळं कामाचं. हे संवादाच्या कुठल्याच फुग्यात लिहिलेलं नाही, ड्रगोट्टाने नुसतं दाखवलंय. चार तारे.’

कुळागरातलं वटवाघूळ:
आता कॉमिक दिसलं. रंग आणि अक्षरं परत राहिली बघ. फ्रँक मार्टिन आणि क्लेटन काउल्स.

फोंड्याचा झेरॉक्सवाला:
घातली. जागा पुरत नव्हती म्हणून खालचं माझं नाव काढलं.