मदत हवी आहे: इंजिनची लाईट लागते, दोन दिवसांनी आपोआप जाते

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, ८४,००० किमी, सीएनजी किट नाही. गेला महिनाभर आठ-दहा दिवसांनी चेक इंजिन लाईट लागते. बहुतेक वेळा चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये लोड आला की. आधी गाडी दोन-तीन हिसके देते, मग लाईट. स्थिर असते, लुकलुकत नाही. तापमानाचा काटा आणि ऑइलची पातळी ठीक. सपाटीवर गाडी मऊ चालते, ॲव्हरेज मात्र थोडं पडलंय.

ब्लूटूथ स्कॅनरवर दर वेळी एकच कोड, पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (त्यात इंधन नीट पेटत नाही). गॅरेजवाल्यांनी दोनदा कोड पुसून दिला. त्याने काहीच होत नाही. चारही प्लग नवीन टाकले, थ्रॉटल बॉडी आणि एअर फिल्टर साफ केला. जुने प्लग काढले तेव्हा तिघांची टोकं विटकरी होती, दुसऱ्याचं काजळी धरलेलं. मला तरी कॉइलचाच, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचाच, संशय येतोय.

आज दोन आणि तीन नंबरची कॉइल अदलाबदल करणार आहे. कोड पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा, झाला तर कॉइल, एवढं कळतं. पण शनिवारी आईला घेऊन आंबा घाटातून रत्नागिरीला जायचंय, लाईट लागायची वाट बघायला वेळ नाही. चढावर मुद्दाम लोड देऊन स्कॅनरवर मिसफायर काउंट लाइव्ह बघता येतो का? आणि कॉइल बदलूनही कोड दोनवरच राहिला, तर आधी इंजेक्टर (इंधन फवारणारा) तपासू की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब)?