‘चावट’, ‘वात्रट’ की ‘अश्लील’?

प्रश्न : पुरुषांच्या आफ्टरशेव्हच्या आणि डिओडरंटच्या जाहिरातींत विनोद आणि लैंगिक आकर्षण यांची जी सरमिसळ असते, तिला नेमके काय म्हणावे? ‘अश्लील’ फार कठोर वाटते आणि ‘शृंगारिक’ फार भारदस्त.

उत्तर : बहुतेक जाहिरातींना ‘चावट’ हाच शब्द शोभतो, कारण चावटपणात बोलणारा अर्धेच बोलतो आणि उरलेले ऐकणाऱ्याने ओळखून हसायचे असते. १९६०च्या दशकात अमेरिकेत आलेल्या ‘हाय कराटे’ या आफ्टरशेव्हच्या खोक्यात स्वसंरक्षणाच्या सूचनांचा कागद असे. ते लावल्यावर स्त्रिया अंगावर धावून येतील, तेव्हा स्वतःला कसे वाचवावे, हे त्यात सांगितलेले असे. सुगंध कागदावर किंवा पडद्यावर दाखवता येत नाही, म्हणून जाहिरातदार त्याचा परिणाम दाखवतो, आणि तो इतका अचाट दाखवतो की हसण्यावारी नेलेल्या त्या दाव्याचा पुरावा कोणी मागत नाही; इच्छा मात्र मनात रुजते. फ्रान्समध्ये १९८३ साली आलेल्या ‘ॲक्स’ या डिओडरंटच्या जाहिरातींनी पुढे अनेक वर्षे हाच साचा वापरला.

‘वात्रट’ शब्दात मात्र शृंगार असावाच लागतो असे नाही, त्यात खोडी असते. ‘ओल्ड स्पाइस’च्या २०१०च्या जाहिरातीत कमरेला टॉवेल गुंडाळलेला अभिनेता आयझाया मुस्तफा स्त्रियांशी बोलता बोलता न्हाणीघरातून बोटीवर आणि बोटीवरून घोड्यावर पोहोचतो. देखणे उघडे शरीर तेथेही आहे, पण खोडी काढली आहे ती पुरुषी बढाईचीच, म्हणून ही जाहिरात मला चावटापेक्षा वात्रट वाटते, आणि अधिक चतुरही.

‘अश्लील’चा रोख देहप्रदर्शनावर असतो, त्यामुळे काही वेळा तो शब्द अपुरा पडतो. जून २०२२मध्ये भारताच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने एका बॉडी स्प्रेच्या जाहिराती हटवायला लावल्या. त्यांतील एकीत चार पुरुष, दुकानाच्या फळीवर उरलेली एकच बाटली आणि त्यांचे द्व्यर्थी बोलणे आपल्याविषयीच आहे असे वाटून घाबरलेली स्त्री दिसते. उघडे अंग कोठेही नाही, तरी तिची भीती हाच विनोदाचा विषय केलेला आहे. चावटपणाला समोरच्याची राजीखुशी लागते आणि ती येथे नाही; अशा जाहिरातीला ‘हिडीस’ म्हणावे.