बुडापेस्ट दोघांनी, कमी पैशात
बरेच जण विचारतात की बुडापेस्टला दोघांनी पाठीवर सॅक टाकून कमी खर्चात फिरणं जमेल का, तर नक्की जमतं, आम्ही दोघं फिरून आलोय. 72 तासांचा ट्राम-बसचा पास काढा आणि 2 नंबरच्या ट्रामने पेस्टच्या (नदीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या शहराच्या) बाजूने डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने जा, पार्लमेंट, चेन ब्रिज सगळं खिडकीतून दिसतं, क्रूझचे पैसे वाचतात. पलीकडच्या बुडा बाजूच्या टेकडीवरच्या फिशरमन्स बॅस्टियन या बुरुजांच्या गच्चीवर मात्र पहाटेच जा, गर्दी नसते आणि नदीपलीकडे पार्लमेंटच्या मागून उजाडत जातं, हिचा तर पायच निघेना तिथून. खायला लांगोश, म्हणजे भटुऱ्यासारखी जाडसर तळलेली पुरी, वर लसूण, सावर क्रीम आणि भरपूर किसलेलं चीज, गरम गरमच खा, एकात दोघांचा नाश्ता होतो. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या घरूनच न्या.