चित्रांच्या पुस्तकात आई कुठे आहे?

जागरणवाला

वय ४१. मुलीला रात्री पुस्तक वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. महिनाभर एकच चाललंय, मॉरिस सेंडाकचं १९६३ सालचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. दंगा केला म्हणून आई मॅक्सला उपाशीच खोलीत पाठवते. खोलीत जंगल उगवतं, तो होडीतून राक्षसांच्या मुलखात जातो, त्यांचा राजा होतो, मग घरची आठवण येऊन परत येतो. खोलीत जेवण ठेवलेलं असतं. शेवटच्या पानावर चित्रच नाही. नुसतं एवढंच, की ते अजून गरम होतं.

मी अर्ध्या झोपेत वाचतो, मराठी करून. परवा लेक म्हणाली, ‘‘बाबा, यात आई कुठंय?’’ म्हटलं असेल की कुठंतरी. पहिल्यापासून पानं उलटली. एकाही चित्रात नाही. सावलीही नाही, फक्त शेवटी ते ताट.

एकोणीस वर्षांचा असताना मी आईला नको ते बोलून घरातून निघालो होतो. रात्री दोनला परत आलो. दार नुसतं लोटलेलं, कडी नव्हती. आत दिवा चालू, आई मात्र आतल्या खोलीत झोपलेली. खरंच झोपली होती की नाही, कोण जाणे. सकाळी तीही काही बोलली नाही, मीही नाही. पुढं कधीच नाही. आता विचारायला ती नाही.

तर परवा शेवटचं पान मला वाचताच येईना. लेक म्हणाली, ‘‘पुढचं सांग ना.’’ हे माझंच होतंय, की तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय?

कोरडा

दादा, तुमच्या भावना खऱ्या, पण पुस्तकाला कशाला चिकटवताय? मी छापखान्यात होतो. अशी पुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात, कारण मोठ्या कागदाची घडी घालून १६ पानांचा फॉर्म निघतो. शेवटी एखादं पान उरतं, त्यावर एक ओळ टाकतात. त्यात कसलं तत्त्वज्ञान?

पेन्सिल

कोरडा, फॉर्मचं म्हणणं बरोबर, निष्कर्ष चूक. मी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. पानं किती ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. उरलेलं पान भरायचंच तर शंभर उपाय आहेत.

हेच पुस्तक घ्या. सुरुवातीला चित्र छोटं, भोवती रुंद पांढरी कडा. मॅक्सचा राग वाढतो तसं चित्र पसरत जातं, आणि दंगा ऐन रंगात येतो तिथं सलग तीन जोडपानं नुसती चित्रं, एक अक्षर नाही. मग चित्र परत आक्रसतं आणि शेवटी नाहीसंच होतं. हे उरलेलं पान नव्हे.

आणि जागरणवाला, आई काढली नाही म्हणूनच तुमची आई तिथं जाऊन बसली. तिचा चेहरा काढला असता तर ती मॅक्सची आई झाली असती, तुमची नाही. खोलीच्या खिडकीतला चंद्र पाहिलात का? नीट बघा एकदा.

मोठी बहीण

माझं ‘माय नेबर टोटोरो’ बघताना झालं. हायाओ मियाझाकींचा १९८८ चा जपानी अॅनिमेशन सिनेमा, मी पाहिला पस्तिशीत, तोही भाच्यासाठी लावला म्हणून. तो त्या केसाळ प्राण्याकडे, टोटोरोकडे बघत होता, मी दोन बहिणींतल्या थोरलीकडे, सात्सुकीकडे. आई दवाखान्यात, आणि ही सगळ्यांचे डबे करतेय, धाकटीला सांभाळतेय, हसतेय. आजार कोणता ते सिनेमा सांगतच नाही. मियाझाकींची आई त्यांच्या लहानपणी मणक्याच्या क्षयानं काही वर्षं आजारी होती, हे नंतर वाचलं.

माझी आई आजारी पडली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ‘किती समजूतदार पोर’ असं ऐकून ऐकून मला रडायची लाज वाटायला लागली होती. दवाखान्यातून तार येते आणि सात्सुकी शेजारच्या आजींसमोर भोकाड पसरते, तिथं मी उठून स्वयंपाकघरात गेले. भाचा मागून आला, ‘‘मावशी, पॉज करू का?’’ करू दिलं. बराच वेळ.

पेन्सिल

ताई, तो ‘पॉज’ मियाझाकी स्वतःच ठेवतात. २००२ मध्ये समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्याशी बोलताना त्यांनी तीन-चार टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या. दोन टाळ्यांमधली जी जागा, तिला ते जपानीत ‘मा’ म्हणतात. पात्र नुसतं बसलंय, वाऱ्याकडे बघतंय, गोष्ट पुढं सरकत नाही. मुलं त्यात दम खातात. आपण मात्र तेवढ्यात नेमकं आपलं काहीतरी आणून ठेवतो.

कोरडा

बरं, पानाचं मागे घेतो. टोटोरो बघतो. रडणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

जागरणवाला

पेन्सिल, चंद्र पाहिला. मी नाही, लेकीनं शोधला. मॅक्सला खोलीत पाठवतात तेव्हा खिडकीत चंद्राची कोर आहे. परत येतो तेव्हा पूर्ण गोल.

ती बराच वेळ दोन्ही पानं मागं-पुढं करत बसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे खूप दिवस झाले. मग जेवण गरम कसं?’’

मी गप्प. तिनंच ठरवून टाकलं, ‘‘आई रोज गरम करून ठेवत असेल.’’

काल शेवटचं पान तिनं वाचलं.