लिनक्सवर वायफाय चालेना? ड्रायव्हरशी कुस्ती नको, सरळ कार्ड बदला

बत्तीस_बिट

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि नात्यातले सगळे म्हातारे लॅपटॉप माझ्या दारात येऊन बसले. "तुला ते लिनक्स, विंडोजच्या जागी टाकायची ती फुकट सिस्टीम, येतं ना रे?" येतं. पण वायफाय येत नाही.

भाचीच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. पडदा, आवाज, टचपॅड सगळं पहिल्या झटक्यात चाललं. वायफायचं चिन्हच गायब. दोन रविवार गेले. कुणीतरी गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती साइट) ठेवलेला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, उतरवला, कंपाइल केला, म्हणजे कोडपासून बांधला. सिक्युअर बूटने, म्हणजे लॅपटॉपच्या सही तपासणाऱ्या पहारेकऱ्याने, "सही नाही" म्हणून तो उचलायला नकार दिला. ते निस्तरलं आणि वायफाय लागलं! मामा हीरो झाला. तीन आठवड्यांनी अपडेटमधून नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला, ड्रायव्हर त्यावर बांधलाच गेला नाही, आणि भाचीची ऑनलाइन परीक्षा सकाळी दहाला. फोनच्या हॉटस्पॉटवरही जाता येईना, कारण हॉटस्पॉटलाही वायफायच लागतं. (केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं असतं तर चाललं असतं, हे दुपारी आठवलं.)

शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून साडेसातशेला इंटेलचं वापरलेलं वायफाय कार्ड आणलं. मागचे स्क्रू काढले, अँटेनाच्या दोन तारा उपटल्या, नव्यावर बसवल्या. पंधरा मिनिटं. चालू केलं तर शेजाऱ्यांची नेटवर्कंसुद्धा दिसत होती. तेव्हापासून किती अपडेट आले मोजले नाहीत.

म्हणून माझं मत: नवख्या माणसाला टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ढकलू नका. कार्ड बदलायला सांगा. तुमच्या रविवारची किंमत साडेसातशेपेक्षा जास्त आहे.

मुक्त_मुकुंद

साफ असहमत. ताप आला की किडनी बदला, असा हा सल्ला आहे.

"वायफाय चालत नाही" हे एक दुखणं नाही, तीन आहेत. पहिलं, रेडिओच बंद आहे. टर्मिनलवर 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) लिहा, "ब्लॉक्ड : यस" दिसलं की कळलं. दुसरं, ड्रायव्हर आहे पण फर्मवेअरची फाइल नाही. कार्डाच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, त्याला लागणारा प्रोग्रॅम दर वेळी चालू होताना बाहेरून भरावा लागतो. तो सापडला नाही की 'डीमेसेज' (dmesg) या कर्नलच्या नोंदवहीमध्ये फर्मवेअर लोड फसल्याची ओळ येते, शेवटी "एरर -२". या उणे दोनचा अर्थ फक्त "अशी फाइल नाही" इतकाच. कार्ड मेलेलं नाही, भुकेलं आहे. तिसरं, ड्रायव्हरच नाही. 'एलएसपीसीआय -एनएनके' (lspci -nnk) मारा. कार्डाच्या नावाखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळ नसेल तर हे दुखणं.

या तिघांतल्या फक्त तिसऱ्यात कार्ड बदलण्याचा विचार करावा, तोही शेवटी. माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं दुसऱ्या प्रकारची असतात. डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर तर ती पूर्वी हमखास व्हायची, कारण बंद, म्हणजे ज्याचा कोड खुला नाही असं, फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचंच नाही असा दंडक होता. वायफायसाठी फर्मवेअर हवं आणि फर्मवेअर उतरवायला वायफाय हवं. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन हा दंडक सैल केला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबतच येतं. म्हणजे जुन्या सीडीवरून टाकून लिनक्सला नावं ठेवणारे आजही भेटतात, त्यांचं औषध कार्ड नाही, नवी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) आहे.

सोलापुरी_चादर

बत्तीसभाऊ, "दोन तारा उपटल्या" इतकं सोपं लिहू नका हो. त्या अँटेनाच्या तारांची टोपणं मुगाच्या दाण्याएवढी पण नसतात. मी उपटली तर एक टोपण कार्डावरच राहिलं, तार हातात. आता वायफाय राउटरशेजारी बसल्यावरच लागतंय.

आणि मित्राच्या जुन्या लॅपटॉपात तर कार्ड बसलं नीट, पण चालू केल्यावर काळ्या पडद्यावर संदेश: हे कार्ड मान्य नाही, काढा. पुढे बूटच होईना. बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) मान्य कार्डांची यादी ठोकून बसवलेली असते म्हणे काहींच्यात. पैसे पाण्यात.

ठाण्याची_सई

मी बत्तीस_बिट यांच्या बाजूने. मुकुंदराव, तुमची तीन दुखणी बरोबर आहेत, पण ती ओळखायला वैद्य तुम्ही आहात. आमच्या वाचनालयासाठी कंपन्यांनी टाकून दिलेले अकरा लॅपटॉप मी लिनक्सवर चालू केले. तिथे बसणाऱ्या आजोबांना 'डीमेसेज' वाचता येत नाही आणि यावं अशी अपेक्षाही नाही. माणूस संगणक घेतो तो काम करायला, संगणकाची सेवा करायला नाही.

एक मात्र सांगते, कार्ड घेताना डोळे उघडे ठेवा. इंटेलमध्येही दोन जाती आहेत. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही साधी कार्डं, एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपातही चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण त्यांचा अर्धा मेंदू लॅपटॉपातल्या इंटेलच्याच चिपसेटमध्ये असतो, त्याशिवाय ती नुसता पत्रा आहेत. दुकानदार "सेम आहे मॅडम" म्हणतो. सेम नाही.

आणि लॅपटॉप उघडायची भीती वाटते म्हणून यूएसबी डाँगल (बाहेरून खुपसायचं वायफाय) घ्यायला जाऊ नका. खोका तोच, नाव तेच, मागच्या बाजूला बारीक अक्षरात आवृत्ती बदललेली आणि आत चिप वेगळ्याच कंपनीची. काही डाँगल तर लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून स्वतःची ओळख करून देतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच ठेवलेला असतो. 'यूएसबी मोडस्विच' नावाचा प्रोग्रॅम त्याला चिमटा काढून कार्ड बनवतो. आजोबांना हे समजावून बघा.

हापूस_रत्नांग्री

सगळ्यांनी कार्डच बदलली असती तर आज बदलून चालणारं कार्ड तरी मिळालं असतं का, हा माझा प्रश्न.

ज्यांनी २००५ च्या आसपास लिनक्स टाकलंय त्यांना ब्रॉडकॉम या वायफाय चिपा बनवणाऱ्या कंपनीचं नाव काढलं की अजून पोटात गोळा येतो. कंपनी माहिती द्यायला तयार नव्हती. विंडोजचाच ड्रायव्हर एनडिसरॅपर नावाच्या प्रोग्रॅममध्ये गुंडाळून लिनक्सला भरवायचो आम्ही. तेव्हा काही लोकांनी ठरवलं की आपणच लिहू. एका गटाने बंद ड्रायव्हर कसा वागतो ते वाचून नोंदी केल्या, दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर न बघता फक्त त्या नोंदींवरून नवा लिहिला, म्हणजे उद्या कुणी चोरी म्हणायला नको. २००६ मध्ये तो कर्नल २.६.१७ मध्ये गेला. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये!

त्या कामातले एक लॅरी फिंगर. पुढे रिअलटेक या दुसऱ्या कंपनीच्या चिपांचे ड्रायव्हर त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले, अनोळखी लोकांच्या "चालत नाही" ला उत्तरं देत राहिले. जून २०२४ मध्ये गेले. गिटहबवरचे जे ड्रायव्हर बत्तीस_बिट "कुणीतरी ठेवलेले" म्हणतात, त्यातले कितीतरी त्या एका माणसाचे होते. तक्रार करायची तर कंपनीची करा.

बत्तीस_बिट

@हापूस, "कुणीतरी" मागे घेतो. ते लिहिताना रविवारचा राग होता. पण आदर वेगळा आणि भाचीची परीक्षा वेगळी.

@मुकुंद, बरं, नियम जरा दुरुस्त करतो. ड्रायव्हर कर्नलच्या आत असेल तर झुंजा, फर्मवेअर टाका, काय वाटेल ते करा. बाहेरून आणून बांधावा लागत असेल तर हात जोडा. कारण कर्नलची आतली रचना ते लोक मुद्दाम स्थिर ठेवत नाहीत. कर्नल सांभाळणाऱ्यांतले एक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यावर लिहिलेलं टिपण कर्नलच्या कागदपत्रांतच आहे. आत काही बदललं की बदलणाराच आतले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करतो, आणि बाहेरचा दाराबाहेर भिजत उभा. डीकेएमएस नावाचं साधन दर नव्या कर्नलवर तो परत बांधायचा प्रयत्न करतं खरं, पण कोडच जुळत नसेल तर ते बिचारं काय करणार.

मुक्त_मुकुंद

आता जवळ आलात. पण बाहेरचे आत येतात हो! रिअलटेकच्या आरटीएल८८२१सीई या चिपसाठी लोक वर्षानुवर्षं बाहेरचा ड्रायव्हर बांधत होते. २०२० मध्ये कर्नल ५.९ पासून त्या चिपचा ड्रायव्हर आतच आहे. त्याच घराण्यातली बरीच यूएसबी डाँगलं २०२३ मध्ये ६.२ मध्ये आली. आणि गिटहबवरचे शिकवणीचे लेख मात्र २०१८ चेच वर दिसतात, लोक तेच वाचून कंपाइल करत बसतात. कार्डाआधी कर्नल नवा करा. फुकट आहे.

बत्तीस_बिट

आणि कर्नल नवा करून झाल्यावरही नाही चाललं तर तिसरा रविवार. चालू द्या.

प्रवासी_डब्लिन

थोडं अवांतर. मावशीकडे अमेरिकेहून आणलेला लॅपटॉप होता. लिनक्सवर वायफाय चालायचं, शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसायची, फक्त घरचं नाही. मीही कार्ड बदलायच्या बेतात होतो. राउटर चॅनल १३ वर (वायफायचे क्रमांक दिलेले पट्टे असतात, त्यातला तेरावा) होता आणि लॅपटॉप स्वतःला अजून अमेरिकेत समजत होता, जिथे ११ च्या पुढे बघायचंच नाही. राउटर ६ वर आणला, संपलं.

विद्या_वि

धागा वाचून विचारते. नऊ वर्षं जुना लॅपटॉप, उबुंटू लिनक्स टाकलं, वायफाय नाही. बत्तीस_बिट यांचं वाचून कार्ड मागवलं, कालच आलं. उघडायच्या आधी मुकुंद यांनी लिहिलेलं 'आरएफकिल लिस्ट' केलं. "सॉफ्ट ब्लॉक्ड : नो, हार्ड ब्लॉक्ड : यस" असं येतंय. म्हणजे काय?

मुक्त_मुकुंद

विद्याताई, थांबा! स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. हार्ड म्हणजे खरंखुरं बटण बंद आहे, ते सॉफ्टवेअरने उघडत नाही. लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या ओठाला बारीक सरकपट्टी आहे का बघा. नसेल तर एफएन दाबून अँटेनाचं चित्र असलेली कळ.

विद्या_वि

सापडली. मुलाने चिकटवलेल्या क्रिकेटपटूच्या स्टिकरखाली होती. सरकवली, लागलं!! 🙈

आता हे कार्ड परत घेत नाहीयेत. कुणाला हवंय का? पाकीटसुद्धा फोडलेलं नाही.

बत्तीस_बिट

मला द्या. भाचीच्या मैत्रिणीचा लॅपटॉप आलाय, त्यातही वायफाय नाही.

मुक्त_मुकुंद

तिचं आरएफकिल बघितलंत का?

बत्तीस_बिट

…बघतो.