मदत हवी आहे: कर्णबधिर बहिणीच्या जबाबासाठी दुभाषी

ठाण्यात माझ्या मावसबहिणीचा विनयभंग झाला. वय २४, जन्मापासून कर्णबधिर. गुन्हा नोंदलाय, आता दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब व्हायचाय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ प्रमाणे तिथे दुभाषी किंवा विशेष शिक्षक लागतो, चित्रीकरणही करावं लागतं. हे तपास अधिकाऱ्यांना लेखी दिलंय, पोच आहे.

अडचण वेगळीच आहे. ती सांकेतिक भाषा शिकलेली नाही, घरच्या खुणांनी बोलते. आरोपीसाठी तिची खूण म्हणजे मनगटावर दोन बोटं, त्याच्या कड्यावरून. पोलीस ठाण्यात आलेल्या दुभाषींना ती बांगडी वाटली. मग ती हात मांडीवर ठेवून गप्पच बसली, बघवत नव्हतं. मावशीला सगळं कळतं, पण ती स्वतः साक्षीदार, त्यामुळे तिला दुभाषी करायचं नाही.

तिच्या जुन्या शाळेतल्या बाई यायला तयार आहेत. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कालच अर्ज दिला. कृपया नाव-पत्ता विचारू नका.

ठाणे न्यायालयात कुणी यातून गेलंय का? बाईंचं नाव विशेष शिक्षक म्हणून तपास अधिकाऱ्यांनी द्यायचं की आम्ही थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा? आणि त्यांच्यासोबत दुभाषीही बसवता येतो का?